हळद पिवळी राहिली तर

आधी माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवली तर ती किती मनावर घ्यायची ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. मी श्रीनिवास आगटे. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर चार महिने घरात बसलो, तेव्हा श्यामला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "तुम्ही बाहेर काहीतरी करा, नाहीतर मी बाहेर पडते." मग पाणी तपासून द्यायचा उद्योग सुरू केला. सोसायट्यांच्या टाक्या, बोअर, विहिरी आणि हल्ली हल्ली बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव. नारायण पेठेतून स्कूटरवर निघायचं, पिशवीत काचेच्या नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या. लोकांच्या पाण्यात काय आहे ते सांगायचं आणि वर दोन शब्द ऐकवायचे. ऐकवायचे पैसे मी घेत नसे.

हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या हिंदुरावांनी मला बोलावलं २०१७ च्या जानेवारीत. तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. मार्गशीर्षात त्यांच्या पत्नीला, प्रेमलाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला होता. डावा हात, डावा पाय गेला. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने महत्त्वाचे, जे काही परत येईल ते बहुतेक त्यातच येईल, यांना पाण्यात उभं करा, पाण्यात चालवा. शहरातल्या एका तलावावर त्यांना तीनदा नेलं. औषधाच्या पाण्यानं अंगावर पुरळ उठला, डोळे सुजले, आणि ओल्या अंगानं परक्या पुरुषांसमोरून यावं लागलं ते वेगळंच. चौथ्या वेळी बाई गाडीत बसल्याच नाहीत. म्हणून हिंदुरावांनी पाणीच घरी आणायचं ठरवलं.

यातलं अक्षरही ते मला बोलले नाहीत. मला म्हणाले, "नातवंडांसाठी करायचाय."

बायकोसाठी तलाव खणतोय, हे त्या वयाचा, त्या गावचा माणूस परक्यापुढे बोलणार नाही. आणि मी शहाणा पेठेतला! फाटकावरचे दोन दगडी हत्ती बघितले, मागे त्यांच्याच उसाच्या रानात उठलेली अकरा मजली इमारत बघितली, आणि मनात निकाल लावून मोकळा झालो. नवा पैसा, दुसरं काय.

"मिठाच्या पान्याचा पायजे," हिंदुराव म्हणाले. "त्याला वास येत न्हाई म्हनं. आन् डोळंबी चुरचुरत न्हाईत."

मी समजावून सांगितलं. मिठाच्या तलावात क्लोरीन नसतं हा गैरसमज आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्रातल्या प्लेटा मिठापासूनच क्लोरीन बनवतात, पण थोडं थोडं आणि सतत, त्यामुळे वास कमी, चुरचुर कमी, पाणी अंगाला मऊ लागतं. डबेच्या डबे पावडर आणून ओतावी लागत नाही. पण त्याचेही लाड असतात. तुमच्या बोअरचं पाणी जड, प्लेटांवर पांढरा थर धरणार. दर दोन महिन्यांनी त्या काढून पातळ ॲसिडात धुवायच्या. पाण्याचा अल्कलीपणा वर चढत राहतो, तो आठवड्यातून दोनदा मोजून ॲसिडनं खाली आणायचा. आणि नव्या प्लॅस्टरला पहिला महिनाभर फार जपायचं.

"म्हंजे म्हशीवानीच की," हिंदुराव म्हणाले. "रोज बगाय लागतंय."

"म्हैस निदान दूध देते," मी म्हणालो.

ते हसले. मग जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "खाऱ्या पान्यात मानूस बुडत न्हाई ना?"

मी मोठ्यानं हसलो. "अहो, समुद्रात रोज माणसं बुडतात! आणि तुमच्या तलावात समुद्राच्या दहाव्या हिश्शाएवढं मीठ असणार. आमटीत जास्त असतं."

"बरं," ते म्हणाले. आणि तलाव सगळीकडे सारखा चार फूटच खोल ठेवायला सांगितलं. पायऱ्याही नकोत. त्याऐवजी लांबलचक उतार आणि दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे.

"उतार कशाला?" मी विचारलं. "म्हशीच धुवायच्यात की काय?"

गवंडी हसले, फरशीवाला हसला. हिंदुरावही हसले, पण जरा उशिरा.

मार्चच्या शेवटी तलाव भरला. उसाच्या दिवसांपासून त्यांच्याकडे असलेले दत्तोबा नावाचे म्हातारे गडी होते, ते रोज सकाळी काठानं फिरून लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती घासत. नव्या प्लॅस्टरची भुकटी निघते, ती बसू द्यायची नसते. ॲसिडचा कॅन मी त्यांना दाखवला आणि बजावलं, "मी असल्याशिवाय याच्या झाकणाला हात लावायचा नाही." दत्तोबांनी मान हलवली. बस म्हटलं तर ऊठ म्हणेपर्यंत बसून राहणारा तो माणूस.

विसाव्या दिवशी मीठ घातलं. खडे मीठ, बिन आयोडीनचं, पावणेतीन पोती. दत्तोबांनी ते शेतात खत फेकतात तसं सगळीकडे सारखं फेकलं. यंत्र सुरू केलं. मी नळीत पाणी धरून बघत होतो, तेवढ्यात मागच्या इमारतीचे बिल्डर दोघा-तिघांना घेऊन आले. त्यातल्या एकानं विचारलं, हे कोण? हिंदुराव म्हणाले, "ह्ये व्हय? आपले टाकीवाले."

टाकीवाले! एकतीस वर्षं शिकवलं, आणि टाकीवाले! विद्यार्थ्यांनी माझ्या पाठीमागे मला याहून वाईट नावं ठेवली होती, पण ती पाठीमागे. मी नळ्या धुतल्या, पिशवीत भरल्या आणि निघालो. पुढचे दहा दिवस मांजरीला गेलो नाही. हिंदुरावांचे दोन फोन आले, दोन्ही उचलले नाहीत. तिसरा श्यामलेनं उचलला. अक्षय तृतीयेला पाण्याची पूजा आहे, जोडीनं यायचंय, असं आमंत्रण होतं.

नवं प्लॅस्टर पाण्यात चुना सोडत राहतं आणि मिठाचं यंत्रही पाण्याला त्याच बाजूला ओढतं. दहा दिवसांत त्या पाण्याचा आकडा कुठवर चढला असेल हे मला न मोजताही सांगता आलं असतं. पण मी रुसलो होतो.

पूजा नव्या विहिरीची करतात तशीच मांडली होती. पाणी ते पाणी, खाली फरशी असली म्हणून काय झालं? मांडव, गुरुजी, नारळ, पाच सवाष्णींच्या हातात हळदीकुंकवाची ताटं. शे-दोनशे माणूस. मी जरा लांबच उभा होतो, माझी कुणी विचारपूस करावी म्हणून.

मग घराच्या दारातून सून हेमा चाकाची खुर्ची ढकलत बाहेर आली. खुर्चीत प्रेमलावहिनी. हिरवी साडी, तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात कुणीतरी उचलून मांडीवर ठेवलेला. खुर्ची उताराच्या तोंडाशी थांबली. हिंदुरावांनी वाकून चाकाला अडसर लावला आणि कठडा हातानं हलवून बघितला, पक्का आहे ना.

तेव्हा मला उतार कळला. चार फूट खोली कळली. माणूस बुडत नाही ना, हे त्यांनी का विचारलं होतं ते कळलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तरी शरमेनं माझे कान तापले. म्हशींचा विनोद मला त्या क्षणी परत घेता आला असता तर मी वाटेल ते दिलं असतं.

पूजा झाली की वहिनी पाण्यात पाय घालणार होत्या. पहिली हळद वाहिली आनंदीबाईंनी, हिंदुरावांच्या थोरल्या बहिणीनं. चांगली मूठभर. ती पाण्याला लागली आणि लाल झाली.

पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली आणि पांढऱ्या भिंतीवरून ओघळत खाली गेली. दुसऱ्या सवाष्णीचा हात तोवर सुटला होता. तिचीही हळद लालच. गुरुजींचा मंत्र तोंडातच राहिला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "रगात."

"पान्याला मान्य न्हाई गं बाई," आनंदीबाई म्हणाल्या. "आत न्या तिला. आत न्या."

वहिनी त्या लाल पाण्याकडे बघत होत्या. उजव्या हातानं त्यांनी खुर्चीचं चाक घट्ट धरलं होतं. "मला... आत... न्या," त्या म्हणाल्या, आणि हेमानं खुर्ची वळवली.

हिंदुराव दत्तोबांवर धावून गेले. "काय टाकलंस पान्यात? बोल की!"

"कायबी न्हाई मालक. सायबांनी हात लावू नगं म्हनलं, म्या लावला न्हाई." दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं.

कारण मला तंतोतंत ठाऊक होतं. फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण मी म्हणालो, "बघावं लागेल," आणि न जेवता निघालो.

स्कूटरवर मागे श्यामला. हडपसरच्या गर्दीत अडकलो तेव्हा तिनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग?"

"चारचौघांत कसं सांगणार?"

"त्या म्हाताऱ्याला चारचौघांतच बोलणी बसली," ती म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मांजरीला गेलो. दत्तोबा नव्हते. त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. हिंदुराव तलावाकडे पाठ करून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. आदल्या दिवशीचा लाल रंग क्लोरीननं केव्हाच खाऊन टाकला होता, पाणी निळंशार दिसत होतं. पण मोजलं तर आकडा नळीवरच्या पट्टीच्या पार वर.

"हिंदुराव, चूक माझी आहे," मी म्हणालो. "या पाण्यात मी दर तीन-चार दिवसांनी ॲसिड घालायला हवं होतं. दहा दिवस मी आलोच नाही. तुम्ही मला टाकीवाले म्हणालात म्हणून."

त्रेसष्टाव्या वर्षी हे वाक्य मोठ्यानं बोलून बघा, म्हणजे कळेल कसं वाटतं.

"टाकीवाले म्हनलो व्हय मी?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मुद्दाम म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

"आणि बरं झालं काल हळदीनं चहाडी केली. तशा पाण्यात वहिनींनी पाय घातले असते तर अंगावर पुरळ उठला असता. दत्तोबांना बोलवा आधी."

त्यांनी तिथूनच फोन लावला. "ये रं. तुझी चूक न्हवती." मग फोन खिशात ठेवून म्हणाले, "पर ती न्हाई यायची आता. आक्काचं बोलनं मनात बसलंय तिच्या. सा म्हैन्यातलं पाच गेलं, सर."

ते मला सर म्हणाले हे माझ्या लक्षात आलं. आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

"मला बोलू द्या त्यांच्याशी," मी म्हणालो.

वहिनी खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसल्या होत्या. तलावाच्या बाजूचा पडदा ओढलेला. शेजारी हेमा. मी सुरुवात केली ती वर्गात करतात तशी, आम्ल आणि अल्कली आणि हळदीतलं रंगद्रव्य. हेमा माझ्याकडे अशी बघायला लागली की मी मध्येच थांबलो.

"वहिनी," मी म्हणालो, "नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो. तो मारायला औषध घालावं लागतं. ते मी घातलं नाही. पाण्याचा दोष नाही, दत्तोबांचा नाही. माझा आहे."

 वहिनींनी पदरानं ओठाचा कोपरा टिपला. एकेक शब्द वेगळा येत होता.

"चुना... हुता... पान्यात?"

"हो."

त्यांनी हेमाकडे मान वळवली. "कुकू... झालं... मंग."

हेमाला कळेना. मलाही क्षणभर कळेना, आणि मी म्हणे रसायनशास्त्राचा प्राध्यापक! मग वहिनींनी सांगितलं. खूप वेळ लागला, पण आम्ही कुणी घाई केली नाही. त्यांच्या माहेरी कुंकू घरी करायचे. आई हळदीला चुना लावायची, आणि हळदीचं कुंकू व्हायचं. ते कालवायचं काम लहानग्या प्रेमलाचं. कोपरापर्यंत हात लाल व्हायचे.

"आक्काला... म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिनं... जनमभर... इकतचं घेतलं." आणि तोंडाच्या उजव्या बाजूनं हसल्या.

मला वाटलं, मिटलं. पण त्या इतक्या सोप्या नव्हत्या. उजव्या हाताचं बोट त्यांनी माझ्यावर रोखलं.

"औशद घाला. मंग... हळद टाकू. पिवळी ऱ्हायली तर... उतरीन."

एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं माझ्याकडे असा पुरावा मागितला नव्हता.

पाण्याचा आकडा उतरायला चार दिवस लागले. एकदम ओतून चालत नाही, थोडं थोडं घालायचं, पाणी फिरू द्यायचं, पुन्हा मोजायचं. मी सकाळ-संध्याकाळ जात होतो. पहिल्याच सकाळी दत्तोबांना म्हणालो, "तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळे. मला माफ करा." ते इतके अवघडले की कॅनकडे बघत राहिले. "असू द्या सायेब. आता लावू का हात झाकनाला?"

मग मी त्यांना शिकवलं. आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, कधीही उलट नाही. वारा पाठीवर घ्यायचा. पाच थेंब टाकून नळी उजेडात धरायची आणि रंग पट्टीशी लावून बघायचा. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी रंग सांगायला लागले, तेही बरोबर. हिंदुरावांना मी स्पष्ट सांगितलं, हे वर्षभर चालणार, नवं प्लॅस्टर इतक्यात गप्प बसत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मांडव नव्हता, गुरुजी नव्हते. आम्ही सहाजण. आनंदीबाई व्हरांड्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या, आपण इथं सहज आलोय असं दाखवत. हेमा आधीच कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. उताराच्या तोंडाशी खुर्चीत बसलेल्या वहिनींनी जुनं सुती लुगडं मागे खोचून घेतलं होतं, आणि हिंदुराव बनियन आणि अर्ध्या चड्डीत, पांढऱ्या मिशांसकट.

हेमानं भरून ठेवलेली हळदीची वाटी दत्तोबांनी पुढे केली. वहिनींनी स्वतःच्या उजव्या हातानं चिमूट घेतली आणि पाण्यात सोडली.

पहाटेपासून मी तीनदा मोजलं होतं. आकडा अगदी हवा तिथं होता. तरीही आम्ही सगळे वाकून बघत होतो. हळद पसरली, पातळ झाली, तरंगत हेमाच्या हातापर्यंत गेली.

"पिवळी," हेमा म्हणाली.

व्हरांड्यातून आनंदीबाई खाली आल्या. थेट कठड्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

हिंदुरावांनी वहिनींना खुर्चीतून उठवलं आणि त्यांचे दोन्ही हात धरून स्वतः उलटं चालत उतारावरून खाली निघाले. डाव्या हाताची बोटं धरली जात नव्हती, ती त्यांनी आपल्या बोटांत एकेक करून अडकवून घेतली होती. सख्ख्या थोरल्या बहिणीसमोर, गड्यासमोर, माझ्यासमोर. "हळू. हळू. हाय मी," एवढंच चाललं होतं. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. जमिनीवर जो डावा पाय फरफटत होता तो पाण्यात जरासा उचलला जात होता. पाण्यानं उचलला की त्यांनी, हे मला काठावरून सांगता येत नव्हतं.

उतार संपला. सपाट फरशीवर दोघं थांबले.

"सोडा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"हात... सोडा."

"न्हाई. बुडशील."

"सोडा... म्हनते न्हवं."

हिंदुरावांनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टर नाही, मी पाणी तपासणारा. मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. मग त्यांनी एकेक बोट सोडवलं. हात मात्र पाण्याखाली तिथंच ठेवले, वहिनींच्या हातांपासून बोटभर अंतरावर.

वहिनी डोलल्या. उजवीकडे कलल्या, सावरल्या. पाणी हललं, मग शांत झालं, आणि त्या उभ्या होत्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा, कुणाचाही हात न धरता. हिंदुरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात वर न्यायची त्यांची हिंमत होईना. माझंही तेच झालं, खोटं कशाला बोलू.

"आता... मागं सरा," प्रेमलावहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "वाट द्या."

हिंदुराव बाजूला झाले. वहिनींनी खाली पाण्यात बघितलं, दात आवळले आणि पहिलं पाऊल टाकलं ते डाव्या पायाचं.